सरळ पायाची खुर्ची

तहुनान, जेपारा; शुक्रवार, बाजारवार लेगी, ८ मे

न्दुक विदुरी,

तिरका पाय कापायचा तर नऊ बोटं रुंद फळी लागते. सरळ पाय पाच बोटांत निघतो. खुर्चीला मागचे पाय दोन, म्हणजे खुर्चीमागे आठ बोटं साग वाचला. अकरा वर्षांत माझ्या शेडमधून चार हजारांवर खुर्च्या गेल्या. त्या आठ-आठ बोटांचं आधी कौलारू छप्पर झालं, मग तुझ्या आईच्या कानातलं, मग सेमारांगला तुझी चार वर्षांची खोली, फी, आणि ते जाड पुस्तक, ज्याच्यावर तू मांजर झोपवायचीस. त्या सरळ पायाची खरी किंमत ही. सरस, पॉलिश, मजुरी हे काय, कुणीही मोजतो.

आणि ते जाड पुस्तक वाचून तू काय केलंस? माझीच खुर्ची दोरी बांधून मागे ओढलीस.

आठ महिन्यांनी बाप लिहितोय आणि सुरुवातच अशी, असं म्हणशील. म्हण. तुझ्याशी फोनवर एक शब्द बोलणार नाही, असं मी त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांदेखत बोललो होतो. ते पाळतोय. पत्राबद्दल मी काही बोललो नव्हतो. सेमारांगच्या ट्रॅव्हल गाडीचा ड्रायव्हर हे तुझ्या हातात देईल. त्याला चहा पाज. दात दुखतोय त्याचा, गोड देऊ नकोस.

तुझ्या आईने काल तुझ्या लग्नाची बातमी सांगितली. भात वाढता वाढता सांगितली, म्हणजे मला ओरडता येऊ नये. मुलगा शाळेत खेळ शिकवतो, नाव दामार, वजन चौऱ्याण्णव किलो. वजन तिने का सांगितलं ते लगेच कळलं नाही. नंतर म्हणाली, "पाक, तोलण्याचा विधी तुम्हालाच करायचाय. एका मांडीवर विदुरी, एका मांडीवर तो."

म्हटलं, करेन की. बाप आहे.

"पण विदुरी म्हणते, त्या खुर्चीवर नको."

मी भात बाजूला सारला.

न्दुक, माझ्या पोरी, त्या खुर्चीला नाव आहे. तहुनानच्या सबंध रस्त्यावर तिला 'कर्मिदीची खुर्ची' म्हणतात. तिच्या उंच पाठीवर रेबो मोर कोरतो, आणि त्या मोराचं एक-एक पीस मोजून घ्यायला परदेशी माणसं गुडघे टेकून बसलेली मी पाहिली आहेत. अशा एकशे ऐंशी खुर्च्या, 'मागे कलंडते' म्हणणाऱ्या तुझ्या प्रयोगशाळेच्या एका कागदामुळे बंदरावरून परत आल्या. आज त्या ताडपत्रीखाली आहेत, आणि त्यांच्यावर मांजरी व्यायल्या आहेत. कागदाखाली सही तुझी. दुसरं कुणी नव्हतं का तिथे सही करायला?

खुर्ची उभी कशी राहते ते तुझ्या पुस्तकाने खुशाल सांगावं. खुर्ची पडते कशी, हे माझ्याइतकं या गल्लीत कुणाला कळत नाही. मी विधीला बसेन, आणि त्याच खुर्चीवर बसेन.

बापाक

तहुनान, रविवार क्लिवोन, १७ मे

न्दुक,

तुझं पत्र पोचलं. चार ओळींचं पत्र आणि पानभर चित्र. बापाला चित्र काढून समजवायची वेळ आली म्हणायची.

ते चित्र मी कॉफीच्या ग्लासाखाली ठेवलंय. गोल डाग पडलाय त्यावर, बरोबर तिथे, जिथे तू तो काळा ठिपका काढलास. ठिपक्यातून खाली ओळंबा सोडलास, आणि ओळंबा मागच्या पायाच्या जेमतेम चार बोटं पुढे टेकतोय. बाजूला लिहिलंस, 'ओळंबा पायांच्या आत आहे तोवर खुर्ची उभी. पायांच्या बाहेर गेला की गेली. बापाक, तुमची पाठ उंच, मोर जड, आणि मागचे पाय सरळ. माणूस रेलला की चार बोटं संपायला कितीसा वेळ?' त्याखाली दुसरी खुर्ची, तिरक्या पायाची, तिथे ओळंब्याच्या मागे अकरा बोटं. हे सगळं मी बघितलेलं नाही. नुसती नजर पडली.

रेबोने बघितलं. त्याला अक्षर येत नाही पण चित्र कळतं. म्हणाला, "पाक कर्मिदी, पोरीने मोर सुंदर काढलाय. पिसं मात्र दोन कमी आहेत."

"ती पिसं मोजायला बसली नव्हती रे."

"मग ठिपक्याचं म्हणणं काय?"

"ठिपका म्हणतो तुझा मोर जाड झालाय."

रेबोला राग आला. दिवसभर माझ्याशी बोलला नाही. बघ, तुझ्या एका ठिपक्याने माझा कारागीरसुद्धा फिरवला.

एक सांगतो, तुझ्या प्रयोगशाळेत सांगायला उपयोगी पडेल. परवा बाजाराच्या कोपऱ्यावरच्या टपरीत बसलो होतो. टेबल डुगडुगत होतं. टपरीवाल्या बाई पायाखाली पुठ्ठा सरकवायला निघाल्या. म्हटलं, थांबा, आणि टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवलं. पाव वळसा फिरला नाही तोच चारही पाय टेकले. गप्प झालं टेबल. बाई म्हणाल्या, "अगंबाई, पाक, हे कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "वयाने."

हो, माहीत आहे मला. तू पहिल्या सुट्टीत आली होतीस तेव्हा स्वयंपाकघरात हेच करून दाखवलं होतंस, आणि मी म्हटलं होतं की टेबल काय नाचायला ठेवलंय का. टपरीत तुझं नाव सांगायची गरज नव्हती. बायका फार विचारतात.

तुझ्या आईने आणखी एक निरोप दिला. तू म्हणतेस, लग्नात बापाकने नुसती साधी खुर्ची घ्यावी, नाहीतर मंडपवाल्या तारनोमामाची एक भाड्याची प्लास्टिकची. प्लास्टिकची! न्दुक, माझं नाव कर्मिदी आहे. बारा वर्षांचा असताना मी दुसऱ्याच्या शेडमध्ये लाकडाचा भुसा झाडत होतो, दुपारी तोच भुसा अंगाखाली घेऊन झोपत होतो. आज माझ्या अंगणात अकरा हातोडे चालतात, आणि मी पडवीत डोळे मिटून सांगतो कोणता कुणाचा. रेबोचा बारीक, पाऊस थांबताना पागोळी पडते तसा. सुरोसोचा रागीट, त्याची बायको माहेरी गेली की आणखी रागीट. आणि तुझा. तू सहा वर्षांची असताना डाव्या हाताने खिळे ठोकायचीस, दोन ठोके बरोबर, तिसरा घसरलेला. खिळ्याचं डोकं दर वेळी डावीकडे वाकायचं. टक, टक, ठप. हजार हातोड्यांतून मी तो ओळखेन.

असे कान असलेल्या माणसाला तू सांगतेस की खुर्चीचं बोलणं त्याला ऐकू येत नाही?

बापाक

तहुनान, मंगळवार लेगी, २ जून

विदुरी,

तारनो आला होता. सबंध कोरी पाटी कुणी पुढे ठेवावी आणि तिच्यावर त्याने आपलं नाव लिहावं, असा त्याचा चेहरा.

"कांग," थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "तुमचं आणि पोरीचं जमत नसेल तर विधीला मी बसतो. मामा आहे. चालतं."

"तू कशावर बसणार?"

"माझ्याच खुर्चीवर. पांढरी, हातवाली. दोनशे आहेत गोदामात. एक कमी झाली तर काय."

"आणि तुझी खुर्ची चौऱ्याण्णव किलोचा जावई पेलेल?"

"कांग, माझी खुर्ची लग्नात लोक फेकतात, तेव्हाही पायांवर पडते."

हे खरं आहे, आणि हेच मला सहन होत नाही. चार पाय बाहेरच्या बाजूला फाकवलेले, मागचे दोन तर चांगलेच मागे. साच्यातून निघते, लाकूड वाचवायचा प्रश्नच नाही. मी तिच्यावर बसून बघितलं, तारनो लघवीला गेला होता तेव्हा. मागे रेललो. हललीसुद्धा नाही, हरामखोर.

तो परत आला तेव्हा मी उभा होतो.

"तर मग, कांग?"

"तारनो, मंडप तुझा, मंच तुझा, पाहुण्यांच्या खुर्च्या तुझ्या. बापाची खुर्ची बापाची."

"आणि पडलात तर? सबंध जेपारासमोर? अपशकुन होईल, पोरीचा संसार..."

"पडलो तर तुझ्या खुर्च्यांचं भाडं दुप्पट देईन."

तो हसत गेला. म्हणजे आता या रस्त्यावर कुणाला ठाऊक नाही असं उरलं नाही. मी दुसऱ्या कशावर बसलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेडसमोरून जाणारा प्रत्येक माणूस म्हणेल, कर्मिदीलाही त्याच्या खुर्चीची खात्री नव्हती. आणि मी बसलोच नाही, तर म्हणतील की पोरीचा बाप होता की नव्हता. माझ्यासमोर एवढंच आहे. तुझ्या लग्नात मी माझ्या खुर्चीवर बसेन, नाहीतर तारनो त्याच्या खुर्चीवर बसेल. तिसरं काही नाही.

तुझं परवाचं पत्र तीनदा वाचलं. तू लिहितेस, 'आम्ही मांडीवर बसलेले असू तोवर काही होणार नाही, बापाक. आमचं वजन तुमच्या गुडघ्यांवर, म्हणजे पुढे. तुम्ही तोल सांभाळायला मागे रेलाल, आणि ते बरोबरच. पण आम्ही उठलो की पुढचं वजन एकदम जाईल आणि तुम्ही रेललेलेच असाल. खुर्ची जाईल ती तेव्हा.'

आम्ही उठलो की. हं.

आता तूच विचारशील, तिरका पाय का सोडला? म्हणून सांगून टाकतो. तिरका पाय मी शोधलेला नाही आणि सोडणारा पहिलाही मी नाही. ज्यांच्याकडे भुसा झाडला ते म्हातारे तिरकाच कापायचे. तुझी आई सकाळी ज्या खुर्चीत बसून पॉलिश पेपर घासते ती त्यांच्या हातची. चाळीस वर्षं झाली. मग ते वर्ष आलं, रुपिया कोसळला, आणि बाहेरच्या माणसांना जेपारा फुकट वाटायला लागलं. रोज एक कंटेनर. साग सोन्यासारखा झाला. तेव्हा ज्याने पाय सरळ केला तो टिकला आणि ज्याने नाही केला त्याच्या शेडमध्ये आज मोटारसायकली दुरुस्त होतात. तू बारा-तेरा वर्षांची होतीस. विचारलं होतंस, "बापाक, आधी पाय मागे जायचे, आता का नाही जात?"

मी म्हटलं होतं, "ताठ माणसाचे पाय सरळ असतात."

तू ते वहीत लिहून घेतलं होतंस. वही अजून आहे. नको ती वस्तू जपून ठेवायची सवय तुझ्या आईची, माझी नाही.

मी बसणार.

बापाक

तहुनान, मंगळवार क्लिवोन, १६ जून

न्दुक,

दामार येऊन गेला. तू पाठवलंस म्हणून आला, असं तो म्हणाला नाही, पण आईसाठी आणलेल्या पिशवीवर गाठ तुझ्या हातची होती.

पोरगा बरा आहे. दारातून वाकून येतो. आईने पिंडांगची आंबट आमटी केली होती, माशाचं डोकं त्याच्या ताटात वाढलं, त्याने ते न लाजता खाल्लं. मग सागूच्या दाण्यांचं होरोक-होरोक, तीन वाट्या. मी म्हटलं, "पोट भरलं का?" तर म्हणाला, "पाक, खोटं बोलू?" मला आवडलं ते.

जेवणानंतर तो सरळ जाऊन माझ्या खुर्चीत बसला. 'कर्मिदीच्या खुर्ची'त. कुणी सांगितलं नव्हतं. चौऱ्याण्णव किलो. बसला आणि तृप्त माणूस रेलतो तसा रेलला. मी त्याच्या मागे उभा होतो. मी सहज, बोलता बोलता, माझा उजवा पाय खुर्चीच्या मागच्या पायाला टेकवून ठेवला आणि हात पाठीवर. जावयाच्या पाठीवर हात ठेवतात, त्यात काही नाही. तो अर्धा तास खेळाच्या मैदानाबद्दल बोलला. माझ्या पोटरीला गोळा आला.

जाताना म्हणाला, "पाक, विदुरी म्हणते मी उठताना हळू उठायचं. एकदम नाही. आम्ही दोघांनी सराव केलाय."

"सराव? कशावर?"

"तिच्या खोलीवर. घरमालकिणीला मांडी द्यायला बसवलं."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

तर मीही सराव केला. कशाला लपवू. काल दुपारी कामगार जेवायला गेले तेव्हा रेबोला थांबवलं. मंचासारख्या फळ्या मांडून त्यांवर खुर्ची ठेवली. मी बसलो. रेबोने माझ्या उजव्या मांडीवर तांदळाची मोठी गोणी ठेवली, डाव्या मांडीवर लहान. तुझं वजन त्याने अंदाजाने धरलं, आणि थोडं जास्तच धरलं, हे तुझ्या आईला सांगू नकोस.

"पाक कर्मिदी, जड कोण?" रेबोने तुझ्या आईचा आवाज काढून विचारलं.

"दोघंही सारखेच," मी म्हटलं. माझी उजवी मांडी बधीर झाली होती.

"मग उठू देत त्यांना?"

"उठव."

रेबो हाडाचा मोर कोरणारा. त्याला हळू हा शब्द फक्त लाकडाच्या बाबतीत कळतो. त्याने दोन्ही गोण्या एकदम ओढल्या.

पुढे काय झालं त्याला फारसं महत्त्व नाही. माझ्या कोपराला थोडं खरचटलंय. मोराच्या तुऱ्याचं एक टोक गेलं होतं, रेबोने रात्रीच्या जेवणाआधी नवं चिकटवलं. कुणालाही कळणार नाही. तुझ्या आईने कोपराला हळद लावली आणि विचारलं, "कशाने?" मी म्हटलं, "दारात." तिने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळदीची वाटी जरा जोरात खाली ठेवली.

तरीही ऐक. गोण्या म्हणजे माणसं नाहीत. माणूस उठतो तेव्हा आधी पुढे वाकतो, हात शोधतो, बापाच्या खांद्यावर क्षणभर भार टाकतो. तेवढा क्षण मला पुरतो. अंगात बळ आहे, कंबर ताठ आहे. सत्तावीस वर्षं माझ्या सह्या खुर्च्यांच्या पोटाखाली कोरल्या गेल्या. मी पाय बदलणार नाही, खुर्ची बदलणार नाही, आणि मागे कुणाला धरून उभंही करणार नाही. तारनोने पैज लावली आहे. मीही.

रविवारी भेटू. तू नवरीच्या कपड्यात असशील, त्यामुळे मला तुझ्यावर ओरडता येणार नाही. त्याचा फायदा घेऊ नकोस.

बापाक

तहुनान, मंगळवार पहिंग, २३ जून, सकाळ

न्दुक विदुरी,

पोचलात ना? दामारच्या शाळेची परीक्षा म्हणून लग्नानंतरचे रीतीचे पाच दिवस थांबला नाहीत, हे तुझ्या आईला लागलंय. मला नाही. मला काय लागायचं.

आज माझ्याकडे लिहायला वेळ आहे आणि कारणही आहे. बघितलंस? सबंध जेपाराने बघितलं!

शनिवारी दुपारी, तुझ्या स्नानाचा विधी उरकून पाहुणे मागच्या अंगणात कॉफी पीत होते, तेव्हा पुढून मंचावर ठोकाठोक ऐकू येत होती. तारनो माझ्या शेजारी बसला होता. मी त्याला म्हटलं, "तुझा मंचवाला शिकाऊ दिसतो. ठोके लंगडे पडताहेत."

तारनो म्हणाला, "कांग, कान तुमचेच. माझ्याकडे चार पोरं आहेत, कुणीही असेल."

मी म्हटलं, "फळ्या नीट बसवायला सांग. उद्या चौऱ्याण्णव किलो चढायचंय."

आणि रविवार. तुला काय सांगू, तू तिथेच होतीस, माझ्या डाव्या मांडीवर. पण तुझं तोंड पाहुण्यांकडे होतं, माझं तुझ्या अंबाड्याकडे, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. पाठीला क्रिस, तो लग्नातला खंजीर, खोचलेला. त्याची मूठ आणि मोराची चोच यांच्यामध्ये माझा मणका. दामार बसला तेव्हा मांडीचं हाड मला ऐकू आलं. मग तू बसलीस. तू सहा वर्षांची असताना बसायचीस तशीच बसलीस, एका बाजूला जरा जास्त. मी मागे रेललो.

तुझ्या आईने विचारलं, "पाक, जड कोण?"



"दोघंही सारखेच."

तारनो मागून ओरडला, "कांग, खोटं! पाय बघा तुमचा, थरथरतोय!" आणि सगळे हसले. दामारचं पोट हसताना हलत होतं, तेही माझ्याच मांडीवर.

मग तुम्ही उठलात. दामार हळू उठला, त्याने सराव केला होता. तू मात्र एकदम उठलीस. तूच मला इतकं लिहिलंस आणि तूच एकदम उठलीस! तुझा हात माझ्या खांद्यावर आलाच नाही, थेट त्याच्या हातात गेला. मी मागे गेलो. न्दुक, आकाश दिसलं मला, मंडपाच्या कापडामधल्या फटीतून. खुर्चीने पायाशी 'कट्' असा एक बारीक आवाज केला. आणि थांबली.

उभी राहिली! चार पायांवर! सरळ पायांवर!

मी तारनोकडे बघितलं. त्याने दोन्ही हात वर केले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या तुमच्यासाठी होत्या असं तुम्हाला वाटलं असेल. संध्याकाळी तीन जण शेडवर येऊन गेले, ताडपत्री उचलून बघितली. एकाने विचारलं, किती आहेत. म्हटलं, एकशे ऐंशी, वर मांजरी वेगळ्या.

आता मला सांग, तुझी दोरी खरी की माझी खुर्ची? तुझ्या साहेबांना सांग, कर्मिदीची खुर्ची बापाला, लेकीला आणि चौऱ्याण्णव किलोच्या जावयाला पुरून उरली. हवं तर कागद परत काढा. मी तो 'कट्' आवाज ओळखतो. सांध्यातलं कुसू खाचेत आणखी घट्ट बसलं की तसा येतो. चांगला सांधा वजनाखाली घट्ट होतो, हे तुझ्या पुस्तकात नसेल.

ड्रायव्हर दुपारी निघतो. तोवर खुर्ची मंचावरून आणून पडवीत ठेवतो. तीच यापुढे माझी बसायची. पत्र उघडंच ठेवतो.

दुपार

तारनोची माणसं मंच सोडवायला आली होती. खुर्चीसमोरचा गालिचा काढला. मी म्हटलं, खुर्ची मी नेतो, कुणी हात लावू नका.

पाठीला धरली आणि उचलली. उठेना.

वाटलं, गालिच्याचा सरस लागला असेल. हलवली. फळीसकट हलली. एकजण म्हणाला, "पाक, ही मंचाला लागलीय." मी वाकलो. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

चार खिळे होते. दोन-दोन, आतल्या बाजूने, पायातून तिरके फळीत गेलेले, म्हणजे माझ्या लुंगीच्या घडीमागे कुणाला दिसू नयेत असे. डाव्या पायाचा एक अर्धा बोट वर ओढला गेलाय, त्याने फळी चिरलीय. 'कट्' तो तिथला. सांध्याचा नव्हता. सांधा तपासला मी, तो होता तिथेच आहे.

चारही खिळ्यांची डोकी डावीकडे वाकलेली आहेत.

म्हणजे शनिवारी दुपारी, नवरीने खोलीबाहेर पाऊल टाकायचं नसतं त्या वेळी, ओल्या केसांनी, तू. आणि मी पाठीमागच्या अंगणात बसून तारनोला सांगत होतो की ठोके शिकाऊ आहेत. दोन बरोबर, तिसरा घसरलेला. ऐकले मी ते, न्दुक. बारा-पंधरा ठोके ऐकले.

तुझ्या आईला विचारलं. ती तिच्या जुन्या खुर्चीत बसून शेंगा निवडत होती. मान वर केली नाही.

"मी फक्त कंदील धरायचं म्हणत होते," ती म्हणाली. "दिवसा कंदील कशाला, पोरगी म्हणाली. मग मी दारात उभी राहिले."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर बसला असतात?"

 तिने शेंगा निवडल्या. मग म्हणाली, "कोपर कसंय?"

खिळे अजून काढलेले नाहीत. तारनोच्या माणसांना म्हटलं, ही फळी मी विकत घेतली, सोडा. खुर्ची फळीसकट पडवीत आणली आहे. रेबो येऊन तिच्याभोवती दोनदा फिरला. मग नऊ बोटं रुंद फळी आहे का ते भिंतीशी जाऊन बघत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

सगळं लिहून झालं, एक राहिलं. खिळे पुढच्या पायांना आहेत. खुर्ची मागे जाते तेव्हा मागचे पाय जमिनीवरच टेकलेले असतात, सुटतात ते पुढचे. हे मला आज वाकून बघितल्यावर दिसलं. मी असतो, तर मागच्या पायांना ठोकले असते.